सण, उत्सव आणि ‘सार्वजनिक’

सामूहिक आनंदाच्या प्रसंगांना मराठीत शब्दांची उणीव नाही. सण, उत्सव, महोत्सव, सोहळा, जत्रा, यात्रा, उरूस, पर्व, जयंती, समारंभ असे कितीतरी शब्द आपण रोज वापरतो आणि कोशही त्यांतील एकाचा अर्थ दुसऱ्याच्या साहाय्याने देतात. परिणामी हे सारे शब्द समानार्थी आहेत, असा समज दृढ झाला आहे. वाङ्मयसमीक्षेनेही या समजाला हातभारच लावला आहे. एखाद्या कादंबरीत जत्रा आली, की ‘लोकजीवनाचे जिवंत चित्रण’ या ठरीव सदराखाली तिची नोंद होते आणि अभ्यासक पुढे जातो. वस्तुतः यांतील प्रत्येक शब्दाच्या पोटात एक सामाजिक रचना आहे. प्रसंग कोणाचा, त्यात कर्ता कोण, पाहणारा कोण आणि बाहेर उभा कोण, या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे हे शब्द देतात. ती उत्तरे वाचल्याखेरीज साहित्यातील उत्सवाचे चित्रण वाचले असे म्हणता येणार नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

१

प्रथम व्युत्पत्तीचा विचार करू. ‘उत्सव’ हा शब्द ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘सू’ हा धातू यांपासून सिद्ध होतो. प्रेरणा देणे, वर उसळवणे असा त्याचा मूळ भाव आहे. ‘प्रसव’ आणि ‘सवितृ’ हे शब्द त्याच कुळातले होत. ऋग्वेदात तो उद्यम, आरंभ अशा अर्थाने येतो. आनंदाचा सामूहिक प्रसंग हा अर्थ पुढे रूढ झाला. अमरकोशात उत्सवाचे पर्याय म्हणून क्षण, उद्धर्ष, मह आणि उद्धव हे शब्द दिले आहेत. यांपैकी ‘क्षण’ मराठीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. प्राकृतात ‘क्षण’चा ‘छण’ झाला आणि त्याचाच पुढे मराठीत ‘सण’ झाला. म्हणजे एकाच शब्दाची दोन रूपे मराठीत नांदत आहेत. काळाचा अल्पांश सांगण्यासाठी आपण ‘क्षण’ हे तत्सम रूप राखले आणि घराघरांतल्या आनंदाच्या दिवसासाठी ‘सण’ हे तद्भव रूप वापरले. सणाला काळाशी असलेले हे नाते आजही सुटलेले नाही. सणवार, सणासुदीचे दिवस हे जोडशब्द त्याचीच साक्ष देतात.

तिसरा शब्द ‘समाज’. आज या शब्दाने माणसांच्या स्थायी, संघटित जीवनाचा बोध होतो. परंतु प्राचीन काळी ‘समाज’ म्हणजे लोकांनी एकत्र जमून केलेला खेळ-तमाशांचा, गाण्याबजावण्याचा मेळावा. ‘सम्’ आणि ‘अज्’ यांपासून, म्हणजे एकत्र हाकणे, जमवणे या क्रियेपासून, हा शब्द बनतो. पशूंच्या जमावाला ‘समज’ आणि इतरांच्या जमावाला ‘समाज’ असा भेद अमरकोशाने सांगितला आहे. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात ‘समाज’ करण्यास मनाई आहे. राजाला त्यात पुष्कळ दोष दिसतात. मात्र काही समाज त्याला मान्यही आहेत, असे तो लेख सांगतो. उलट कलिंगाच्या खारवेल राजाने राजधानीतील प्रजेचे मन उत्सव आणि समाज भरवून रिझवले, अशी नोंद हाथीगुंफेच्या लेखात आहे.

मराठी अभ्यासकाने या संदर्भात नाशिकच्या लेण्यांकडे अवश्य वळावे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील लेख आहे. गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणगान त्यात केले आहे. सातकर्णीच्या विशेषणांपैकी एका समासात छण, उसव आणि समाज हे तिन्ही शब्द एकापाठोपाठ येतात. तो हे सारे घडवून आणणारा होता, असे तेथे म्हटले आहे. पराक्रम, वर्णव्यवस्थेचे रक्षण आणि सण-उत्सव-समाज घडवणे या सर्व गोष्टी एकाच राजस्तुतीत बसतात. सामूहिक आनंद ही राजाने द्यावयाची गोष्ट आहे, ही कल्पना या भूमीतही किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येते.

जी गोष्ट राजा देतो ती राजा काढूनही घेऊ शकतो. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकात पश्चात्तापदग्ध दुष्यंताने वसंतोत्सवावर बंदी घातली आहे, ‘मुद्राराक्षसा’त चंद्रगुप्ताने जाहीर केलेला कौमुदीमहोत्सव चाणक्य थांबवतो आणि त्या निमित्ताने दोघांत लटके भांडण उभे केले जाते. संस्कृत नाटकातील उत्सव हा बहुधा असा आज्ञेच्या कक्षेत राहतो. ‘गाथासप्तशती’तील ‘फग्गुच्छण’ मात्र निराळा. फाल्गुनातल्या त्या छणाला कोणाची आज्ञा लागत नाही. ऋतू आला की तो आला. सण आणि उत्सव यांतील भेद असा मराठीच्या जन्माआधीपासून चालत आला आहे.

या ठिकाणी ‘नाट्यशास्त्रा’च्या पहिल्या अध्यायातील कथेचेही स्मरण ठेवले पाहिजे. पहिला नाट्यप्रयोग झाला तो इंद्राच्या ध्वजमहाच्या प्रसंगी. अमरकोशातील ‘मह’ तो हाच. प्रयोगाचा विषय दैत्यांचा पराभव हा होता. तो पाहून दैत्य खवळले आणि विघ्नांनी नटांची वाणी व हालचाल स्तंभित केली. अखेर ब्रह्मदेवाला, हे नाट्य कोणा एका पक्षाचे नसून तिन्ही लोकांचे आहे, अशी समजूत काढावी लागली. ज्यांच्या पराभवाचा आनंद साजरा होतो त्यांनी त्या उत्सवात कोठे बसावे, हा प्रश्न आपल्या नाट्यपरंपरेच्या आरंभकथेतच विचारला गेला आहे.

२

आता मराठीच्या प्रत्यक्ष वापराकडे पाहू. कोशातील अर्थापेक्षा शब्दासोबत येणारे क्रियापद अधिक बोलके असते. सण येतो. जत्रा भरते. उरूसही भरतो. पर्वणी लागते किंवा साधते. वारी करतात आणि ती चुकू देत नाहीत. सोहळा पाहतात, अनुभवतात. उत्सव करतात. महोत्सव आयोजित केला जातो, त्याचे उद्घाटन होते आणि त्याचा समारोपही होतो.

या क्रियापदांच्या क्रमात एक उतरंड आहे. सणाच्या बाबतीत कर्ता काळ आहे. माणूस त्याच्या स्वागताला उभा राहतो, ऐपत नसली तरी उभा राहतो. ‘ऋण काढून सण करणे’ हा वाक्प्रचार त्याशिवाय जन्मला नसता. ‘सण करणे’ असे आपण म्हणतो खरे. पण तेथे करणे म्हणजे आलेल्याची बूज राखणे. जत्रेच्या बाबतीत कर्ता स्थळ आहे. ‘यात्रा’ आणि ‘जत्रा’ हे एकाच शब्दाचे तत्सम आणि तद्भव अवतार. पहिल्यात चालणे शिल्लक राहिले आणि दुसऱ्यात जमणे. उत्सवाच्या बाबतीत कर्ता माणूस आहे, मात्र तो देवस्थानाचा, संस्थेचा किंवा मंडळाचा माणूस आहे. महोत्सवापर्यंत येता येता कर्ता कर्मणी प्रयोगाआड दडतो. ‘आयोजित केला जातो’ या वाक्यात करणारा दिसत नाही आणि इतर सर्वजण प्रेक्षक होतात.

उरूस या शब्दाची कथा आणखी वेगळी. अरबीत ‘उर्स’ म्हणजे विवाह. सूफी संताचा मृत्यू म्हणजे त्याचे परमेश्वराशी मीलन, म्हणून त्याची पुण्यतिथी हा विवाहोत्सव ठरला. मराठी मुलखाने हा शब्द दर्ग्यापुरता ठेवला नाही. अनेक गावांत ग्रामदैवताच्या जत्रेलाही उरूस म्हणतात. गोव्यात ‘जात्रा’ आणि पोर्तुगीज ‘फेस्ता’पासून आलेले ‘फेस्त’ शेजारी शेजारी नांदतात. शेजारच्या भाषांतही असेच दिसते. ‘पर्व’पासून कन्नडात ‘हब्ब’ आला आणि कोकणीत ‘परब’. मलयाळमात ‘उत्सवम्’ म्हटले की प्रथम मंदिराचा उत्सव डोळ्यांसमोर येतो. या सर्व शब्दांसाठी इंग्रजीत बहुधा ‘फेस्टिव्हल’ हा एकच शब्द योजला जातो. अनुवादकाची ही अडचण समजण्यासारखी आहे; परंतु मराठी वाचकानेही त्या एका शब्दाच्या चष्म्यातून आपल्याच भाषेकडे पाहावे, हे इष्ट नव्हे.

‘उत्सवमूर्ती’ या शब्दाचा येथे उल्लेख करावासा वाटतो. मंदिरात मूळ मूर्ती स्थिर असते. उत्सवमूर्ती पालखीत वा रथात बसून रस्त्यावर येते. ज्यांना गाभाऱ्यात प्रवेश नव्हता त्यांच्यासाठी देवाचे दर्शन म्हणजे उत्सवमूर्तीचे दर्शन. मराठीने हा शब्द सत्कारमूर्तीच्या अर्थाने लौकिकात आणला. आज उत्सवमूर्ती म्हणजे ज्याची षष्ट्यब्दी असते तो, व्यासपीठाच्या मध्यभागी बसलेला. लोकांकडे जाणारी मूर्ती अशी लोकांसमोर बसवली गेली. अर्थाचा हा पालट उत्सवाच्या बदलत्या रचनेशी सुसंगतच आहे.

३

आधुनिक काळात उत्सवाला ‘सार्वजनिक’ हे विशेषण लागले आणि या शब्दाच्या इतिहासाला निर्णायक वळण मिळाले. मात्र हे विशेषण उत्सवापूर्वी इतरत्र वावरत होते, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तेथे ‘सार्वजनिक’ म्हणजे प्रातिनिधिक. काहींनी सर्वांच्या वतीने बोलायचे. जोतीराव फुले यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे ‘सार्वजनिक’ म्हणजे सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्काने लागू असलेले. १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सव रुजला, तेव्हा ‘सार्वजनिक’ म्हणजे घराबाहेर, चौकात, वर्गणीतून केलेला. प्रतिनिधित्व, समता आणि खुली जागा हे तीन भिन्न अर्थ पंचवीस वर्षांच्या आत एका शब्दात गोळा झाले. पुढील शंभराहून अधिक वर्षांतील पुष्कळसे वाद या तीन अर्थांतील संघर्षाचे वाद आहेत.

लोकमान्य टिळकांचा उत्सवविचार राष्ट्रीय ऐक्याचा होता. ग्रीकांच्या क्रीडोत्सवांसारखे दाखले देत त्यांनी ‘केसरी’तून राष्ट्रीय उत्सवांची आवश्यकता मांडली, १८९६ मध्ये रायगडावर शिवाजी-उत्सव झाला. हा शब्द मराठी प्रदेशाबाहेरही याच नव्या अर्थासह गेला. मराठी वंशाचे बंगाली लेखक सखाराम गणेश देउस्कर यांच्या प्रयत्नांच्या संदर्भात रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०४ मध्ये ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली आणि १९०६ मध्ये टिळक कलकत्त्याच्या शिवाजी-उत्सवास उपस्थित राहिले. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या बाबतीतही शब्दांचा असाच प्रवास आढळतो. ‘बारोयारी’ म्हणजे बारा मित्रांनी मिळून केलेली पूजा. पुढे ‘सर्वजनीन’ हे विशेषण आले. बारा जण आणि सर्व जण यांतील अंतर भरून निघाले काय, हा प्रश्न तेथेही आहेच.

महाराष्ट्रात हा प्रश्न १९२६ साली दादरला स्पष्टपणे उभा राहिला. सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य मानलेल्यांना पूजेचा अधिकार आहे की नाही, यावरून तेथे जो संघर्ष झाला त्याचा वृत्तान्त प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘माझी जीवनगाथा’ या आत्मचरित्रात दिला आहे. वरवर पाहता तो धार्मिक हक्काचा वाद होता. पण त्याचा गाभा एका शब्दाच्या अर्थाचा होता. चौक सर्वांचा, वर्गणी सर्वांची, मग पूजा सर्वांची का नाही? ‘सार्वजनिक’चा टिळककालीन अर्थ आणि फुल्यांचा अर्थ येथे समोरासमोर आले. शब्दार्थाचा निर्णय कोशकार करतात असे आपण मानतो. येथे तो मंडपाच्या दाराशी होत होता.

४

साहित्याने या शब्दकुळाची नोंद कशी केली, हे आता पाहणे प्राप्त आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीचा आरंभ जत्रेच्या हक्कापासून होतो. जोगणी ज्या गावाकडे, जत्रेचा मान त्या गावाला. शिगावची जोगणी आपल्या वाटेगावात यावी म्हणून राणोजी मांग जिवावर उदार होतो आणि ती आणताना मारला जातो. वाटेगावात जत्रा भरू लागते. ‘जत्रा भरते’ या अकर्मक क्रियापदाच्या मागे येथे एक मरण आहे. गावकुसाबाहेरचा माणूस गावाच्या प्रतिष्ठेसाठी शिर देतो, हा त्याचा पराक्रम म्हणून आपण वाचतो आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या गावात त्याचे स्थान कुसाबाहेर होते त्याच गावाला त्याने जत्रा मिळवून दिली, ही विसंगतीही कादंबरीच्या रचनेचा भाग आहे. ‘लोकजीवनाचे चित्रण’ या सदरात ती मावत नाही.

इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ति’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख वारीकडे दोन्ही बाजूंनी पाहतो. दिंडीत एकत्र चालणे आणि एकत्र गाणे आहे. जेवणाच्या वेळी मात्र जाती वेगळ्या होतात, आणि ही वेगळी पंगत लेखिकेला बोचते. सोहळ्याचा आनंद नाकारायचा नाही आणि त्यातील भेदही झाकायचा नाही, ही भूमिका त्या लेखाला मोठेपण देते. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’मध्ये (१९६४) सोहळ्याच्या भव्यतेपेक्षा चालणारी साधी माणसे, त्यांचे थकणे आणि त्यांच्या शंका यांना महत्त्व आहे. या दोन्ही कृतींत लेखक चालणाऱ्यांबरोबर चालतो. केवळ पाहणाऱ्याच्या जागेवरून ही दोन्ही पुस्तके लिहिली गेली नसती.

दया पवार यांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) सुरू झालेल्या दलित आत्मकथनांच्या परंपरेने सणाचा अर्थ आणखी एका टोकाने तपासला. गावाचा सण म्हणजे कामाचा, वाट्याचा आणि मागून आणलेल्या अन्नाचाही दिवस असू शकतो, हे मराठी वाचकाला तेव्हा ठळकपणे कळले. सण सर्वांकडे येतो, हे आपले गृहीतक त्या लेखनाने दुरुस्त केले. सण येतो खरा. पण काहींच्या दारात तो उरलेल्या ताटातून येतो.

या दुरुस्तीतूनच ‘जयंती’ या शब्दाचा नवा अर्थ समजून घ्यावा लागतो. पूर्वी जयंती होती ती नृसिंहाची, दत्ताची, परशुरामाची. १४ एप्रिलने या शब्दाला आधुनिक आणि लौकिक आशय दिला. ज्यांना गावच्या उत्सवात मानाचे स्थान नव्हते त्यांनी स्वतःचा उत्सव निर्माण केला, त्याची तिथी पंचांगाऐवजी दिनदर्शिकेवरून ठरवली आणि त्याला गाणी, जलसे व मिरवणुका दिल्या. क्रियापदांची निवड येथेही अर्थपूर्ण आहे. १४ एप्रिलला जयंती साजरी होते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन केले जाते. १ जानेवारीला भीमा कोरेगावी मानवंदना दिली जाते. लाखोंच्या समुदायाने भाषेचा हा विवेक कोणत्याही परिभाषाकोशाविना सांभाळला आहे.

५

‘साजरा करणे’ या क्रियापदाबद्दल अलीकडे तक्रार ऐकू येते. पुण्यतिथी ‘साजरी’ झाल्याचे वृत्त वाचून भाषाप्रेमी अस्वस्थ होतात. ‘साजिरा’ म्हणजे शोभिवंत. मृत्यूचा दिवस शोभिवंत कसा करावा, हा त्यांचा आक्षेप. तो एका मर्यादेपर्यंत योग्य आहे. तथापि आपल्याच परंपरेत संतांचा समाधीचा दिवस हा सोहळा आहे आणि उरूस तर विवाहच आहे. म्हणून दोष मृत्यूचा दिवस साजरा करण्यात नाही. कोणता मृत्यू सोहळा मानावा आणि कोणता स्मरणाने मौन पाळावा असा आहे, हा भेद न करता एकच क्रियापद सर्वत्र लावण्यात दोष आहे. जो विवेक ६ डिसेंबरच्या भाषेत दिसतो तो वृत्तपत्रीय भाषेतून निसटत चालला आहे.

‘महोत्सव’ या शब्दाचा आजचा विस्तार याच प्रवृत्तीचा भाग आहे. आंबा, पर्यटन, नाट्य, पुस्तके या सर्वांचे आता महोत्सव होतात. २०२१ मध्ये कोलकात्याच्या दुर्गापूजेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सव हा राज्य महोत्सव म्हणून जाहीर केला. या मान्यतांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. अनेक कारागिरांची आणि कलावंतांची उपजीविका अशा प्रसंगांवर अवलंबून असते. परंतु नाशिकच्या लेखातील समास आठवला, की राज्यसत्तेने उत्सवाचे कर्तेपण स्वीकारणे ही काही नवी घटना नव्हे, हेही कळते. कर्ता राज्य झाला म्हणजे लोकांच्या वाट्याला कोणते क्रियापद उरते, हे प्रत्येक काळात तपासून पाहावे लागते.

साहित्यव्यवहारही यातून वगळता येत नाही. १८८५ साली पुण्यातील ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. सर्वांच्या मानवी हक्कांचा विचार न करणाऱ्यांच्या मेळाव्यात आपण यावे कशासाठी, हा त्यांच्या नकाराचा आशय होता. साहित्य संमेलनाला आपण आज साहित्याचा उत्सव म्हणतो. त्या उत्सवाच्या दप्तरात हा नकारही आहे आणि तो मराठी समीक्षेचा एक आद्य दस्तऐवज म्हणून वाचला जावा.

‘समाज’ या शब्दाचा प्रवास येथे पुन्हा आठवतो. एके काळी तो एका दिवसाच्या मेळाव्याचे नाव होता. एकोणिसाव्या शतकात, प्रार्थना समाज (१८६७) आणि सत्यशोधक समाज (१८७३) यांच्या काळापर्यंत, तो नियम, सभासद आणि परस्परांची जबाबदारी असलेल्या संघटनेचे नाव झाला. पुढे साऱ्या लोकजीवनाचे. मेळावा पांगल्यावरही माणसांनी एकमेकांशी बांधलेले राहावे, ही अपेक्षा या अर्थविस्तारात आहे. मराठीतील उत्सवचित्रणे वाचताना विद्यार्थ्यांनी हाच निकष लावून पाहावा. मांडव उतरल्यानंतर, जत्रा उठल्यानंतर, त्या कृतीतील माणसे परस्परांची कोण राहिली, हे जी कृती सांगते तीच उत्सवाविषयी काही सांगते.